तुझ्या गाडीची मागची सीट

बेनी, मागच्या आठवड्यात तुझी गाडी बघायला एक माणूस आला होता.

जीव खालीवर करून घेऊ नकोस, विकली नाही. पण विकायला काढली होती, हे खरं. तू जाऊन पुरते दोन महिने झाले नाहीत आणि बाईनं गाडी बाजारात काढली, म्हणून तू जिथे असशील तिथून मला काय काय ऐकवलं असशील ते ठाऊक आहे. ऐकव. मला त्या गाडीची भीती वाटते. ती आणल्या दिवसापासून वाटते. आता तर भाजी आणायला खाली उतरले तरी पार्किंगच्या त्या कोपऱ्याकडे न बघता जाते, जसं एखाद्याशी भांडण असलं की आपण नजर चुकवून जातो तसं.

तर तो माणूस. खारघरचा, तिशीतला, गुडघ्यापर्यंत बूट. तुझ्या गाडीभोवती असा फिरला की मला वाटलं आता आरती ओवाळतो की काय. म्हणाला, "आंटी, अशी गाडी आपल्याकडे बघायलाच मिळत नाही हो." मग चावी फिरवली, इंजिन धडधडलं, आणि साहेबांनी झोकात ॲक्सिलरेटर पिळला. गाडी सवयीप्रमाणे गचकन उजवीकडे कलली. तो दचकला, आणि मी, बेनी, मी, जी त्या गाडीपासून दहा हात लांब उभी होते, मी ओरडले, "घाबरू नका, उजवीकडे कलतेच ती! स्वभाव आहे तिचा!"

त्यानं इंजिन बंद केलं. मागची सीट दाबून पाहिली, टेकायची पाठ पाहिली, धरायच्या कड्या पाहिल्या. म्हणाला, "तुम्ही बसायचात वाटतं मागे?" म्हटलं, एकदाही नाही. "मग मागची सीट एवढी राजेशाही कशाला केलीय?"

सरळ सांगून टाकलं की गाडी विकायची नाही. तो पुटपुटत निघून गेला. आणि मी वर येऊन दार लावून बसले, कारण मला एक गोष्ट आठवली होती जी मी तुला कधीच सांगितली नाही.

सांगते. पण सुरुवातीपासून सांगते. तू मध्ये बोलू शकत नाहीस, हा एकच फायदा.

माणसं रिटायर झाली की काय करतात? बाग करतात. काशीला जातात, आपली माणसं जेरुसलेमला जातात. तू पोर्टातून इलेक्ट्रिकल इंजिनिअर म्हणून निवृत्त झालास आणि नेऱ्याच्या एका फार्महाऊसमध्ये ताडपत्रीखाली पडलेली इटालियन मोटारसायकल बघायला गेलास. मी बरोबर आले ती तुला अडवायला. ताडपत्री काढली तर सीटवर कोंबडी बसलेली. इंजिनाचे दोन सिलिंडर दोन बाजूंना असे बाहेर आलेले, की एखादी बाई कमरेवर हात ठेवून भांडायला उभी आहे. तू गुडघे टेकून तिच्यासमोर बसलास. माझ्यासमोर कधी बसला नव्हतास.

"चेन नाही हिला, बघ," तू म्हणालास. "शाफ्टवर चालते. चेन नाही, वंगण नाही, कटकट नाही."

"माझ्याही गळ्यात नाही," मी म्हटलं. "माझं कधी एवढं कौतुक नाही केलंस."

गाडीचा मालक मुलाकडे परदेशी गेलेला. फार्महाऊस राखणाऱ्याची म्हातारी आई ओटीवर तांदूळ निवडत होती. तू हवेच्या फिल्टरमधून उंदराचं घरटं उपसत होतास तेव्हा तिनं मला हळूच जवळ बोलावलं. "बाय, नवऱ्याला सांग, जपून. ही गाडी उजवीकं कलते. आमच्या शेटना पाडलं तिनी. मंग त्यांनी हात नाय लावला परत."

मी तुला तिथेच सांगितलं. तू हसलास. म्हणालास, "अगं, इंजिनाचा दांडा लांबीत फिरतो, म्हणून गाडी उलट्या बाजूला ढकलली जाते. न्यूटनचा तिसरा नियम, मास्तरीणबाई! जन्मभर पोरांना शिकवलास ना?"

"शिकवला. त्याच्यावर बसून महामार्गावर नाही गेले."

पण तू घ्यायचीच ठरवलं होतंस. तुझं ठरलं की ठरलं.

गाडी दुरुस्त होऊन चालण्याजोगी झाली त्या दिवशी तू नेऱ्याहून ती चालवत आणलीस आणि मी आपली कार घेऊन तुझ्या मागून आले. बेनी, तो रस्ता मी आयुष्यात विसरणार नाही. पुढे तुझा मागचा तांबडा दिवा, आणि माझ्या डोळ्यांसमोर फक्त एकच चित्र, की आता हा दिवा आडवा होणार. एक डंपर तुझ्या इतक्या जवळून गेला की मी स्टिअरिंगवरून हात काढून तोंडावर धरले. आणि तेव्हा मी नवस बोलले. मोठ्यानं. बंद काचांच्या गाडीत, एकटी.

एलियाहू हन्नबीला. ज्याच्याबद्दल तू जो भेटेल त्याला सांगायचास, की आमचा हा संदेष्टा आगीच्या रथातून आला, अलिबागजवळच्या खंडाळे गावात खडकावर रथाचं चाक टेकलं आणि तिथूनच वर गेला. "जगातला पहिला टूरिंगवाला तोच. टायरचे मार्क अजून आहेत खडकावर. जाऊन बघा!" ऐकणारे हसायचे, आणि मी कानात बोटं घालायचे, संदेष्ट्याची काय थट्टा करतोस म्हणून. पण वेळ आली तेव्हा मला तोच आठवला. म्हटलं, "बाबा एलियाहू, या गाडीवर माझ्या नवऱ्याला काही होऊ देऊ नकोस. गाडी एकदा सजून तयार झाली की तुझ्या खंडाळ्याला मलिदा घेऊन येईन."

एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण आई म्हणायची, सोपा नवस देव मनावर घेत नाही, आपल्याला जड जाईल असं काहीतरी द्यावं लागतं. मला त्या क्षणी जगात सगळ्यात जड काय जाईल? मी पुढे जोडलं, "आणि याच गाडीवर मागे बसून येईन."

तुला सांगितलं नाही. नवस सांगायचा नसतो हे एक. आणि दुसरं, तुला कळलं असतं तर दुसऱ्या दिवशी मला त्या सीटवर बसवून तू वडाळे तळ्याला फेऱ्या मारल्या असत्यास.

मग तुझं ते सजवणं सुरू झालं. वर्षभर आपलं घर घर राहिलं नाही. जेवायच्या ताटाशेजारी नट आवळायचे पाने, फ्रीजवर क्लचची केबल. इटालियन इथे मिळत नाही म्हणून तू दुसऱ्याच कुठल्या गाडीची आणलीस आणि कापून कापून बसवलीस. पुढची काच दुकानाच्या पाट्या करणाऱ्याकडून वाकवून घेतलीस. हॉर्न असा लावलास की पहिल्यांदा वाजवलास तेव्हा सोसायटीचे सेक्रेटरी बाल्कनीत आले, "बंदरात जहाज लागलं का?" विचारत. वायरिंग मात्र तू असं केलंस की मी, जिला यातलं काही आवडत नव्हतं, मीसुद्धा बघत राहिले. वेणी घातल्यासारख्या वायरी.

सामानाचे डबे या गाडीला कुणी बनवतच नाही. तू शेवटी मला घेऊन करंज्याला गेलास, होड्यांना फायबर करणाऱ्या धर्मा नाखव्याकडे. त्यानं गाडीला प्रदक्षिणा घातली आणि म्हणाला, "म्हंजे हिला दोन पिल्लं पायजेत." त्याच्या बायकोनं जेवायला बसवलं. कोलंबीचं कालवण पुढे आल्यावर आपण हात मागे घेतला. तू सांगितलंस की आमच्यात चालत नाही, खवलं असलेलाच मासा चालतो. ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "कोलंबी नाय खात? मंग जगता कशाला?" तू एवढा हसलास की ठसका लागला. परतताना रस्ताभर मध्येच "जगता कशाला" म्हणायचास आणि पुन्हा हसायचास.

डबे झाले तेही होडीसारखे, निळे, वर तांबडा पट्टा, कारण धर्माकडे तोच रंग उरला होता. "पानी जानार नाय वैनी. उलटी झाली गाडी तरी डबं तरंगतील." मला सांगायची काही गरज होती का, गाडी उलटी झाली तर? आणि होडीला नाव हवं म्हणून त्यानं उजव्या डब्यावर काय लिहिलं, तर "मास्तरीणबाई". तू सांगितल्याशिवाय त्याला कुठून सुचणार! मी ते तिथल्या तिथे पुसायला लावलं. लोक काय म्हणतील? अजून तिरक्या उन्हात अंधुक दिसतं.

आपलं भांडण एकच होतं. रोजचं. तू म्हणायचास, "तू बसणार." मी म्हणायचे, "नाही बसणार." जेवताना, टीव्ही बघताना, वाढदिवसाला आलेल्या पाहुण्यांसमोर. "बसणार." "नाही बसणार." तू सीट रुंद केलीस, मी म्हटलं कुणासाठी? तू पाठ लावलीस, कड्या लावल्यास. दुसरं हेल्मेट आणलंस आणि आत बोलायची सोय केलीस, चालवणारा आणि मागचा एकमेकांशी बोलू शकतील अशी. "म्हणजे तुला रस्ताभर मला ओरडता येईल," तू म्हणालास. मला भीती अशी होती, बेनी, की नवस बोलून बसलेय, कधीतरी बसावं लागणार. आणि त्याहून मोठी भीती अशी, की बसले तर नवस फिटणार, आणि फिटल्यावर तुझी राखण कोण करणार? मी उद्यावर ढकलत राहिले. तू अजून एक दिवा लावायचा राहिलाय, अजून हे राहिलंय म्हणायचास, की मला हायसं वाटायचं. जोवर गाडी तयार नाही, तोवर तू शाबूत.

दुसरं भांडण टेबलाचं. माझ्याकडे शिकवणीला मुली येतात, मी पलंगावर बसून पेपर तपासते, आणि हा डावा गुडघा, शाळेच्या जिन्यावरून पडल्यापासून जो पुरता वाकत नाही तो, ठणकत राहतो. मी तुला टेबल करून दे म्हणून मागे लागले होते. एके दिवशी तू मला स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसवलंस, पायांखाली जाडजूड पुस्तकं रचलीस, एक पुस्तक एका पायाखालून काढलंस, दुसऱ्याखाली घातलंस, "आता? आता दुखतो का? अर्धा तास बसून सांग," म्हणालास. टेप लावून माप घेतलंस. म्हणालास, टेबलाखाली पाय ठेवायला पट्टी बसवायचीय, तुझ्या मापाची. मला बरं वाटलं. मग महिना गेला, दुसरा गेला, टेबलाचा पत्ता नाही. गाडीला रोज काहीतरी नवीन, आणि बायकोच्या टेबलाला मुहूर्त नाही!

या सगळ्या भीतीत मला एक दिवस सुटी असायची. शनिवार. शब्बाथला तू गाडीला हात लावायचा नाहीस. "आपण शनिवार तेली," तू म्हणायचास, "पूर्वज शनिवारी घाणा बंद ठेवायचे, मी इंजिन बंद ठेवतो." शुक्रवारी, मी दिवे लावायच्या आधी, तू खाली जाऊन गाडी थोडा वेळ सुरू करायचास, बॅटरी झोपू नये म्हणून, आणि मग चावी किचनमधल्या खुंटीला. शनिवारी ती चावी तिथे लटकलेली बघून माझ्या जिवाला शांतता मिळायची. सहा दिवस फोन वाजला की काळजात धस्स. शनिवारी नाही. शनिवारी मी दुपारी झोपायचेसुद्धा.

आणि तू शनिवारी गेलास.

आदल्या दिवशी तू जाहीर केलं होतंस की गाडी झाली. शेवटचा नट लागला. रविवारी पहिली लांब फेरी, "सांग कुठे जायचं?" मी हळूच म्हटलं, खंडाळ्याला. तुझा चेहरा! "टायरचे मार्क बघायला? तू बसणार?" मी म्हटलं, बघू. "नाही बसणार" म्हटलं नाही, हे तुझ्या लक्षात आलं होतं का रे?

शनिवारी दुपारी जेवण झालं. मी थर्मासमधला चहा तुला दिला. तू खुर्चीत टेकलास. मी विचारलं, "गाडी झाली, माझ्या टेबलाचं काय झालं?" तू डोळे मिटूनच म्हणालास, "झालंय. उद्या दाखवतो." मी पुटपुटले, दाखवशील, दाखवशील, आणि पुस्तक उघडलं. किती वेळ वाचत होते माहीत नाही. चहाचा कप तसाच भरलेला दिसला तेव्हा हाक मारली.

चावी खुंटीला होती, बेनी. मी सगळीकडे पहारा ठेवला होता. डंपरवर, पळस्पे फाट्यावरच्या कंटेनरांवर, ओल्या रस्त्यावर, उजवीकडे कलणाऱ्या त्या इंजिनावर. घरातल्या खुर्चीवर कुणी पहारा ठेवतं का?

रविवारी, ज्या दिवशी आपण निघणार होतो, तुला पोहोचवलं. प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, तेवढे जमेनात, पेणेहून, अलिबागेहून माणसं आली. धर्मा नाखवा करंज्याहून आला, आपल्यात कुठे उभं राहायचं ते न कळून खाली पार्किंगमध्येच थांबला. वरून पाहिलं तर तो निळ्या डब्यावर हात ठेवून उभा होता.

त्यानंतरच्या दिवसांत मी एलियाहूवर किती रागावले ते तुला काय सांगू! तोंडच बघायचं नाही असं ठरवलं. आणि मग एका सकाळी दात घासताना लख्ख कळलं. त्यानं तर सगळं केलं. मी मागितलं होतं, या गाडीवर काही होऊ देऊ नकोस. नाही होऊ दिलं. ओरखडा नाही. मी मागितलंच तेवढं! ब्रश हातात, तोंडाला फेस, आणि मी बेसिनसमोर उभी राहून रडतेय. जन्मभर पोरींना बजावत आले, प्रश्न नीट वाचा, मग उत्तर लिहा. आणि स्वतः काय मागितलं? अख्खा नवरा मागायचा सोडून गाडीवरचा नवरा मागितला.

तरी मी गाडी विकायला काढली. का, सांगते. नोमीसाठी. आपली लेक पुण्याहून आली ती कामावर परत जायचं नावच काढेना. दर शुक्रवारी, मी दिवे लावायच्या आधी, ती खाली जाऊन गाडी सुरू करते. तू करायचास तशी. पहिल्यांदा तो आवाज आला तेव्हा मी कणीक मळत होते, आणि एक क्षण, एकच क्षण, मला वाटलं, आला. मग आठवलं. हात कणकेत तसेच ठेवून मी उभी राहिले, आणि तेव्हा जी भीती आली ती नवीनच होती. कारण नोमी वर येऊन, डोळे पुसत पण हसत म्हणाली, "आई, मी गाडी पुण्याला नेते. बाबानं मला शिकवलीय ना."

एक गेला. आता हिचा तांबडा दिवा मी बघत बसायचा? मी तिला न सांगता जाहिरात टाकली.

पण तो खारघरचा माणूस "तुम्ही बसायचात वाटतं" म्हणाला, आणि मला आठवलं. नवस बाकी आहे. गाडी विकली तर फेडणार कशी? माणूस गेला म्हणून नवस बुडवायचा? ज्याच्याकडे मागितलं त्यानं त्याचा शब्द पाळला होता. आणि खोटं कशाला बोलू, मला त्याची भीती वाटली. माझ्याकडे अजून एक माणूस शिल्लक होतं, तेही घरातच होतं.

संध्याकाळी नोमीला सगळं सांगितलं, जाहिरातीसकट. आधी ती जाहिरातीवरून कडाडली, अगदी तुझ्यासारखी. मग नवस ऐकून घेतला. मग म्हणाली, "आई, हा नवस आहे की इन्शुरन्स? अटी लागू?" आणि आम्ही दोघी हसत सुटलो. तू गेल्यापासून पहिल्यांदा. हसता हसता तिनं माझ्या मांडीत डोकं घातलं आणि पुढे ते हसणं राहिलं नाही.

"बसशील?" तिनं विचारलं.

"बसायलाच लागणार. बोललेय ना."

रविवारी सकाळी मी मलिदा केला. पोहे, गूळ, ओलं खोबरं, वेलची, पाच फळं. शेजारच्या काकू म्हणाल्या, दुःखाच्या घरात गोडाचं? त्यांना काय सांगणार? मलाही कळत नव्हतं की मी आभार मानायला चाललेय की भांडायला. डबा धर्माच्या निळ्या पेटीत ठेवला. दाराच्या चौकटीवरच्या मेझुझाला, आतल्या प्रार्थनेला, बोटं लावली. खाली आले. हेल्मेट घातलं. नोमीनं गाडी सुरू केली, ती उजवीकडे कलली, आणि मी दोन पावलं मागे गेले. पुन्हा पुढे आले. पुन्हा मागे. वॉचमन बघत होता. शेवटी तुझ्या नावानं चार शब्द हासडले आणि टांग टाकली.

पळस्पे फाट्यापर्यंत मी डोळे उघडले नाहीत. हेल्मेटमध्ये नोमीचा आवाज आला, "आई, माझ्या बरगड्या मोडतील. मागे टेक ना, बाबानं पाठ लावलीय." थोड्या वेळानं, "आई, तू श्वास घेतेयस ना? मला ऐकू येत नाहीये." शिरढोणला डोळे उघडले तर उजवीकडे एक कंटेनर, त्याची चाकं माझ्या खांद्याएवढी. परत मिटले. कर्नाळ्याच्या वळणावर गाडी झुकली तेव्हा मी मोठ्यानं एलियाहूला हाका मारल्या, आणि नोमी म्हणाली, "आई, मला सगळं ऐकू येतंय, जरा हळू." पेण, वडखळ, कसं गेलं मला विचारू नकोस. घाम, पेट्रोलचा वास, आणि छातीत ढोल. शूर झाले वगैरे काही नाही, बेनी. मी अख्खा रस्ता भ्याले.

त्या रस्त्यावर मी पाठांतर करत होते. या वेळी नीट मागायचं. नोमीला गाडीवर काही होऊ नये. गाडीवरून उतरल्यावरही होऊ नये. घरी, ऑफिसात, लिफ्टमध्ये, झोपेत. शनिवारी. चहा पिताना. जेवढं आठवे तेवढं आणखी काहीतरी राहिल्यासारखं वाटे. यादी संपेचना.

खंडाळ्याला रेवदंड्याचं एक कुटुंब आधीच आलं होतं. त्यांच्यातल्या आजोबांनी आमच्यासाठीही प्रार्थना म्हटली. मलिद्याचं तबक ठेवलं. खडकावरच्या त्या खुणेशी मी उभी राहिले, तुझ्या टायरच्या मार्काशी, आणि पाठ केलेली यादी काढली. कुठून सुरू करू? मागितलं की काहीतरी राहणारच. मी नुसतं म्हटलं, "आले बाबा. बोलले होते तशी आले." आणि मलिदा वाटला.

परत गाडीपाशी आले, आणि सवयीनं गुडघा चोळायला वाकले. एवढं बसलं की तो उभं राहू देत नाही. पण तो दुखत नव्हता. मी चोळायचं थांबून नुसती हात ठेवून राहिले. खरंच दुखत नव्हता.

वाकलेलीच होते, म्हणून दिसलं. मागच्यानं पाय ठेवायचे दोन फूटरेस्ट. उजवा त्याच्या जागी, गाडीबरोबर आलेला. डावा खाली. चांगला वीतभर खाली आणि थोडा पुढे, नवीन पट्टी वेल्डिंग करून, कोपरे घासून गोल करून, वर काळा रंग दिलेला. नोमीही वाकली. "हे काय, बाबानं वाकडं बसवलं? पुण्यात सरळ करून घेते."

"हात लावलास तर बघ," मी म्हटलं. माझा आवाज असा निघाला की रेवदंड्याचे आजोबा वळून बघायला लागले.

एका पायाखालचं पुस्तक काढलंस. दुसऱ्याखाली घातलंस. आता? आता दुखतो का? झालंय, उद्या दाखवतो.

अरे, सांगायचं नाहीस का? मी तुला टेबलावरून किती बोलले! शेवटचं वाक्यसुद्धा टोमण्याचं. आणि तू डोळे मिटून गप्प, मनातल्या मनात हसत असशील, उद्या हिला खंडाळ्याला नेऊन दाखवतो म्हणून. मी माझा नवस लपवला, तू तुझी पट्टी. दोघं एकमेकांना घाबरल्यासारखे!

नोमी गाडी पुण्याला नेणार आहे. हो म्हटलं. रात्रंदिवस घाबरणार आहे, तेही सांगितलं. महिन्यातून एक रविवार मला न्यायला यायचं, ही अट घातली. ती म्हणाली, "परत बसशील?" त्याचं उत्तर मी दिलं नाही, एकदम लाडात यायला नको.

ऊन चढायला लागलं होतं. तिनं हेल्मेट घातलं, पेटी बंद केली, आजोबांचा निरोप घेतला. मग वळून, आता ही पुन्हा दोन पावलं मागे जाणार अशा तयारीनं, अगदी तुझ्या सुरात म्हणाली, "चल, आई. बस आता."

मी बसले होते.